‘काम काय आहे?’ : वारसा दिन आणि आपल्या सार्वजनिक वास्तू

आयोजकांनी आम्हाला दिलेला विषय होता ‘वारसा दिनी ऐतिहासिक सार्वजनिक वास्तूंना भेट’. आम्ही तो घेतला, पण तक्रारीसकट घेतला. तक्रार त्या दिवसाबद्दल नाही. तो दिवस ज्या समजुतीवर उभा आहे, तिच्याबद्दल आहे. आज ती तपासायची. उदाहरणं सगळी कर्जत-खालापूरची घेणार आहोत, कारण मोठमोठ्या राजवाड्यांच्या उदाहरणांनी ही समजूत फार लवकर खरी वाटायला लागते.

गेल्या १८ एप्रिलला आम्ही पाच जण कोंढाण्याच्या लेण्यांना निघालो. पाचही निवृत्त, त्यातले दोघे गुडघ्यांनीसुद्धा निवृत्त. (हशा) ते दोघे खाली गावातच थांबले. आम्ही तिघं दम खात खात वर गेलो. आता, १८ एप्रिल म्हणजे जागतिक वारसा दिन. १९८२ साली ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने तो सुचवला आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने मान्य केला. आपल्याकडे त्या दिवशी पुरातत्त्व खातं संरक्षित स्मारकांचं तिकीट माफ करतं. आमच्यातला एकजण वर पोचल्यावर घाम पुसत म्हणाला, “चला, आज फुकट.” मग त्याच्याच लक्षात आलं, की इथे तिकीट कधी नसतंच. खिडकी नाही, फाटक नाही. घारापुरीला किंवा रायगडावर माफीला काही अर्थ आहे. कोंढाण्याला बाराही महिने माफीच आहे. मग आज इथे नेमकं काय उघडलं?

गंमत म्हणून निघालेला हा प्रश्न खाली उतरेपर्यंत आम्हाला सोडेना.

थोडं मागे जाऊ. दारं उघडण्याचा हा प्रकार फ्रान्समध्ये सुरू झाला. १९८४ साली तिथले संस्कृतिमंत्री जाक लांग यांनी सप्टेंबरातल्या एका रविवारी ऐतिहासिक वास्तूंची दारं लोकांना उघडी केली. १९९१ पासून युरोप परिषदेने ती कल्पना खंडभर नेली, लंडनमध्ये ‘ओपन हाऊस’ १९९२ ला सुरू झालं. पॅरिसला राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान बघायला लोक तासन् तास रांगेत उभे राहिलेले आहेत. आपल्याकडेही याच्या जवळ जाणारे प्रयत्न झालेत. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची वारसा सहल २०२१ च्या जानेवारीत सुरू झाली, उच्च न्यायालयाच्या इमारतीचीही त्याच वर्षी. चांगलं आहे. इमारतीच्या जिन्यावरून, घुमटाखालून माणूस चालतो तेव्हा त्याला त्या संस्थेचं वजन कळतं, ते पुस्तकात कळत नाही. याला आमचा विरोध नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कुणीतरी उठून विचारणारच.

पण एक बघा. दार उघडण्याचा सोहळा करायला आधी दार बंद असावं लागतं. फ्रान्सच्या त्या कल्पनेत जोर आला तो याच कारणाने. जिथे मंत्री राहतात, जिथे सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नाही, तिथे तो वर्षातून एकदा गालिच्यावर चालून येतो. हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाने १९६२ सालच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक साधी गोष्ट नोंदवली आहे. आपण ‘सार्वजनिक इमारत’ म्हणतो, ती सगळ्यांना मोकळी असते म्हणून नव्हे. तिथे कुणाला प्रवेशही नसेल कदाचित. तिच्यात राज्याची कार्यालयं असतात म्हणून ती सार्वजनिक. म्हणजे ‘सार्वजनिक’ या एका शब्दात दोन अर्थ शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचं आपसात फारसं बोलणं नसतं : एक, सरकारचं, दुसरा, सगळ्यांचं. वारसा दिन हा या दोन अर्थांना वर्षातून एक दिवस हस्तांदोलन करायला लावतो. फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी दोघेही आपापल्या खोलीत.

आता हे चित्र घेऊन कर्जत-खालापूरला या. बघा ते बसतं का.

इथे राजवाडे नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आपल्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आले, पण या दोन तालुक्यांतलं एकही नाव नाही. असू दे. इथे काय आहे ते मोजू. कोंढाणे आणि आंबिवलीची लेणी आहेत. खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी नाना फडणीसांनी बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचं देऊळ आहे. महडचा वरदविनायक आहे, १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलेला. तिथली परंपरा अशी, की भाविक गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करतो. बोरघाटाची रेल्वे आहे. पीरभॉयांची १९०७ सालची नेरळ-माथेरान गाडी आहे. खोपोलीचं वीजघर आहे, १९१५ पासूनचं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी सुमारे सतराशे फूट खाली उतरवून त्याने मुंबईच्या गिरण्या फिरवल्या.

यातल्या बहुतेक जागा एक तर कायम उघड्या आहेत, नाहीतर कायम बंद आहेत. एक दिवसापुरतं उघडावं असं फार थोडं आहे. तलावाला दार नाही. घाटातून रोज हजारो माणसं जातात. वीजघर आजही चालू आहे, तिथे कुणी सहज आत जाऊ शकत नाही, आणि जाऊ देऊही नये. मग वारसा दिनाची कल्पना इथे आली की तिची पंचाईत होते. तिला उघडायला दारच सापडत नाही. म्हणून मग काय होतं? शाळेतली मुलं रांगेने नेली जातात, फलक धरला जातो, स्वच्छतेची शपथ होते. झालं.

आलोइस रीगल नावाचा व्हिएन्नाचा एक कला-इतिहासकार होता. १९०३ साली त्याने स्मारकांवर एक छोटा निबंध लिहिला, तो अजून जुना झालेला नाही. त्याने एक फरक केला. काही स्मारकं मुद्दाम स्मारक म्हणून उभारलेली असतात. आपल्याकडे चावणीजवळ उंबरखिंडीत १६६१ च्या लढाईचं स्मारक आहे, ते तसं. आणि काही वास्तू बांधणाऱ्याच्या मनात स्मारकाचा विचारही नसताना पुढच्या पिढ्यांनी स्मारक ठरवलेल्या. वीजघर, रेल्वे, लेणं, ही सगळी दुसऱ्या जातीची. ती कामासाठी बांधली होती. भिक्षूंना पावसाळ्यात राहायला, गाडीला घाट चढायला, गिरणीला वीज द्यायला. रीगल म्हणतो, अशा वास्तूत जुनेपणाचं मूल्य आणि वापराचं मूल्य यांचं भांडण असतं. आम्ही त्यात भर घालतो, की वारसा दिन हे भांडण जुनेपणाच्या बाजूने निकालात काढतो. तो सांगतो, बघा, हात लावू नका, ही जुनी आहे. पण ज्याला ती वास्तू *वापरता* येत नाही, त्याला ती बघायला मिळाली म्हणजे काय मिळालं?

बोरघाटाचं उदाहरण घेऊ, ते जरा सविस्तर घ्यावंसं वाटतं. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिन जोडतात, तेवढ्यात प्रवासी वडापाव घेतात. मग गाडी घाट चढते. आपण बोगदे मोजतो किंवा मोबाईल बघतो. पण आपण त्या वेळी एका स्मारकाच्या *आत* असतो. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली होती. तिथून पुढे घाट. त्याच वर्षी घाटाचं काम सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, कंत्राट बदललं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी विलायतेहून आला आणि काही आठवड्यांत मेला. मग त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवलं. विक्टोरियाच्या काळातली एक विधवा बाई, परक्या देशात, कारभाऱ्यांमार्फत डोंगर फोडवते आहे. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. पंचवीस बोगदे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. वारसा दिनानंतर बरोबर तीन दिवसांनी ही तारीख येते आणि ती कुणाच्या ध्यानात नसते, हे जाता जाता.

त्या चाळीस हजारांपैकी किती नावं आपल्याला माहीत आहेत? पटकी, हिवताप, सुरुंग, दरडी यांनी माणसं गेली. ती कोण होती?

आता कोंढाण्याला परत या. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर मोठी कमान आहे, लाकूडकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली. वर नर्तक जोडप्यांची शिल्पं. आतले खांब खालून झिजून गेले आहेत. आणि दर्शनी बाजूला एका भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मीत एक ओळ आहे, तिचा अर्थ असा, की कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं. दोन हजार वर्षं झाली. राजाचं नाव इथे नाही, कारागिराचं आहे, आणि त्याच्या गुरूचं. आम्ही त्या ओळीपुढे बराच वेळ उभे होतो. आमच्यातल्या एकाने अक्षरांवरून हवेत बोट फिरवलं, दगडाला न लावता.

आणि तिसरं देऊळ, जे कुठल्याही वारसा यादीच्या गप्पांत येत नाही. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. लोक सांगतात, की शिंग्रोबा धनगर होता. गोऱ्या साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती त्याने दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने मागितलं, आमचा देश आम्हाला द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा कागदावर सिद्ध करता येणार नाही, आणि आम्ही तसा प्रयत्नही करणार नाही. पण घाट चढणारा ट्रक ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतो. त्याचा अर्थ आम्ही असा लावतो : कंपनीच्या दप्तरात कंत्राटदारांची नावं राहिली, मजुरांची राहिली नाहीत. ती उणीव लोकांनी एक देव करून भरली. या देवळाला दार उघडण्याचा दिवस लागत नाही. गाडीचा वेग जरा कमी केला की पुरतं.

बलक, ॲलिस, शिंग्रोबा. दगड, दप्तर, दंतकथा. वारसा म्हणजे या तिघांचा हिशेब एकत्र ठेवणं, असं आम्हाला वाटतं. पण आता आम्ही मूळ तक्रारीकडे येतो, नाहीतर वेळ संपेल.

कोकणातल्या एका तालुक्याची कचेरी. नाव सांगत नाही, तुम्हीही ओळखायचा प्रयत्न करू नका, कारण अशा बऱ्याच आहेत. जुनी इमारत, कौलारू, लांब ओसरी, सागाचे खांब, काळे पडलेले. आम्ही काही वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो, नुसती बघायला. दारातल्या माणसाने विचारलं, “काम काय आहे?” आम्ही म्हटलं, काम नाही, इमारत बघायची आहे. त्याने आमच्याकडे पाहिलं. म्हणाला, “मग काम असेल तेव्हा या.”

तेव्हा राग आला. आता वाटतं, की त्या माणसाने सार्वजनिक वास्तूबद्दलचा सगळ्यात खोल प्रश्न आम्हाला विचारला होता. काम नसताना नागरिकाला कचेरीत जाण्याचा हक्क आहे का? वारसा दिन ‘एक दिवस आहे’ असं उत्तर देतो.

पण त्या दिवशी ओसरीवर एक कातकरी बाई बसली होती. बरोबर लहान मूल. तिला काम होतं. वनहक्काचा दावा होता, दळीच्या जमिनीचा. दळी म्हणजे इंग्रज काळापासून आपल्या भागातल्या कातकरी-ठाकरांना डोंगरउतारावर नाचणी-वरी करायला दिलेली जमीन. २००६ च्या कायद्याने तिच्यावर दावा करता येतो. ती कितव्यांदा आली होती हे आम्ही विचारलं नाही. पण त्या ओसरीचा कुठला खांब सकाळी सावलीत असतो आणि कुठला दुपारी, हे तिला ठाऊक होतं. ऊन सरकलं तशी ती न बघता सरकली. आता सांगा, ही इमारत कुणी पाहिली आहे? आम्ही, की तिने? आम्हाला ‘काम नाही’ म्हणून आत घेतलं नाही, आणि ती ‘काम आहे’ म्हणून बाहेर बसली होती.

वारसा दिनाची टीका करायची तर ती इथून करावी लागते. दार उघडं असणं आणि आत घेतलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असायला हवं?

४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. यादी नीट ऐका. कचेऱ्या त्यात आहेत. म्हणजे १९२३ पर्यंत कचेरीसुद्धा ‘सगळ्यांची’ आहे, हे ठराव करून सांगावं लागत होतं. पुढे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडलं. पाणी कुणी भरू शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली, ओंजळीने पाणी प्यायली, आणि मग मारहाण झाली. न्यायालयातला शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

(आमचं महड खालापूरचं, ते महाड दक्षिणेचं. बाहेरची माणसं दोन्हीत हमखास घोटाळा करतात. पण गाभाऱ्यात आपल्या हाताने पूजा करू देणारं महड आणि तळ्याला हात लावू न देणारं तेव्हाचं महाड एकाच कुलाबा जिल्ह्यात होती, हा घोटाळा आपल्याच इतिहासाने केलेला आहे.)

आमच्या मते ‘दार उघडण्याचा’ या जिल्ह्यातला खरा दिवस २० मार्च हा आहे. त्या दिवशी कुणी मेहरबानीने दार उघडलं नाही. लोकांनी जाऊन वापर केला. वारसा दिनाच्या कल्पनेत नेमकी हीच बाजू नाही. तिथे यजमान सरकार, पाहुणा नागरिक. पाहुण्याने चपला नीट काढायच्या, फोटो काढायचे, आभार मानून जायचं. मालकाला कुणी अशा तऱ्हेने घरी बोलावत नाही.

यावर एक चांगला आक्षेप आहे, तो आम्ही टाळणार नाही. कुणी म्हणेल, प्राध्यापक, तुम्ही प्रशासनाचा प्रश्न वारशाच्या माथी मारताय. दावा लवकर निकाली निघणं वेगळं, इमारत जपणं वेगळं. मुलांना लेणं दाखवलं तर काय बिघडलं? काही बिघडलं नाही. मुलांना दाखवलंच पाहिजे. पण वारसा म्हणून आपण काय निवडतो, यावरून काय जपलं जातं आणि काय नाही, हे ठरतं. आणि त्याचे परिणाम कधी फार कठोर असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह मिळाले, त्याहून जास्त माणसं मातीखालीच राहिली आणि शोध थांबवावा लागला. त्याआधी कितीतरी वर्षं आम्ही आणि आमच्यासारखे शेकडो लोक गडावर जाताना त्या वाडीतून जात होतो. पाणी प्यायचो, वाटाड्या घ्यायचो, काहींनी जेवणही केलं असेल. आमच्या सगळ्यांच्या वह्यांत गडाचं वर्णन आहे : नेढं, कातळातली टाकी, चढ. वाडीचं नाव वाटेवरची खूण म्हणून. गड हा वारसा आणि वाडी ही वाट, अशी आमची नजर तयार झाली होती, आणि ती आम्हाला कुणी दुष्टपणाने शिकवली नव्हती. दरड नजरेने थांबत नाही हे खरं. पण डोंगराकडे आपण शंभर वेळा पाहिलं आणि डोंगराखालच्या घरांकडे पाहिलं नाही, एवढं आम्ही स्वतःबद्दल तरी मान्य करतो.

मग करायचं काय? तो दिवस बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. कर्जत-खालापुरात तो वेगळ्या रीतीने पाळता येईल. घाटातल्या गाडीत त्या दिवशी कुणी ॲलिसची आणि मजुरांच्या दंग्याची गोष्ट सांगावी. वीजघराच्या आत नेता येत नसेल तर नेऊ नये, पण त्यातून सुटलेलं पाणी पाताळगंगेतून कुठल्या गावाच्या नळाला पोचतं, ते मुलांना चालत दाखवावं. आणि कचेरीत त्या दिवशी नक्षीदार खांब दाखवण्याआधी दफ्तरखाना दाखवावा. जुनी जमाबंदीची पुस्तकं, गावनकाशे, दळीच्या नोंदी. ओसरीवर बसलेल्या माणसाला आपल्या आजोबांचं नाव त्यात शोधू द्यावं. कोंढाण्याच्या दगडावर बलकाचं नाव वाचून आमच्या अंगावर काटा येतो, तर आपल्या आजोबांचं नाव सरकारी कागदावर सापडल्यावर त्या बाईच्या अंगावर येणार नाही? आणि ते नाव तिच्या दाव्याला उपयोगीही पडेल. जुनेपणाचं मूल्य आणि वापराचं मूल्य यांचं रीगलने सांगितलेलं भांडण तिथे, त्या एका पानापुरतं तरी, मिटेल.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत. बहुतेक सगळ्यांनी एकच विचारलंय, कोंढाण्याला कसं जायचं. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत गाडी जाते, पुढे राजमाचीच्या वाटेवर चालत. एप्रिलात जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर न्या, वाटेत मिळेलच असं नाही. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरून धबधबा पडतो, त्याखाली गर्दी करू नका, दगड निसरडा असतो. आणि ती ब्राह्मीची ओळ कमानीच्या डाव्या बाजूला आहे, पटकन दिसत नाही. जरा तिरप्या उजेडात बघा.